दवाखान्याचं घराणं

द्वारकाआत्या कुणाच्याही घरी गेली की आधी मागच्या दाराला जायची. पुढच्या दारात लोक "या, बसा" म्हणत उभे, आणि ही बाई घराला वळसा घालून परसात पोचलेली. तिथे भांडी कशी घासली आहेत, गोठ्यातल्या जनावरापुढे पाणी आहे का, घरातली सून गप्पगप्प आहे की मोकळी बोलते, हे सगळं बघून घ्यायची आणि मग पदर सारखा करत पुढे येऊन चहाला बसायची. चहा घेतला तर सोयरीक जमली, आणि "आज उपास हाय" म्हणाली तर मोडली, हे आमच्या भावकीत सगळ्यांना पाठ होतं. "पुढचं दार पाव्हण्यासाठी असतंय, मागचं राहणारासाठी," असं ती सांगे. निम्म्या लग्नांची चौकशी तिनेच केलेली. तिने मोडलेल्या सोयरिकींबद्दल लोक आजही तिचे आभार मानतात. जमवलेल्यांबद्दल मात्र थोड्या तक्रारी आहेत.

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. हसनाबादला तिची शेती होती, आणि ती नवऱ्याच्या माघारी तिने एकटीने राखली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, जालन्याला पाटबंधारे खात्यात कारकून. साहेबांसमोर ते खुर्चीत ऐसपैस बसत, पण आक्का आली की उठून उभे राहत. तिचा आवाज असा, की या बांधावरून त्या बांधावर निरोप द्यायला तिला कधी माणूस पाठवावा लागला नाही.

चौऱ्याण्णव साली मला दिवस गेले. मी वडीगोद्रीच्या शाळेत शिकवत होते आणि आमच्या ह्यांचं तिथेच हायवेला मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, अशी आमच्याकडची रीत. पण माझ्या माहेरी आई नव्हती. दोन वर्षांपूर्वीच ती गेली होती. अण्णांना भाजी फोडणीला टाकता येत नसे, तिथे लेकीचं बाळंतपण कसं करणार? त्यांनी हसनाबादला एक कार्ड टाकलं आणि आठव्या दिवशी आत्या डिंक, मेथ्या, खारका आणि अर्धं पोतं गहू घेऊन दारात हजर झाली. म्हणजे मागच्या दारात.

दवाखाना अण्णांनी आधीच ठरवून ठेवला होता. त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या सुना-लेकी तिथेच बाळंत झालेल्या. काचेचं दार, गुळगुळीत फरशी. "लिफ्ट आहे तिथे, आक्का," अण्णा अभिमानाने म्हणाले.

"लिफ्ट कशाला? बाळंतीण काय गच्चीवर वाळत घालायची हाय?"

माझ्या मनात वेगळंच होतं. शाळेतल्या दोन बाई त्याच दवाखान्यात बाळंत झाल्या होत्या आणि दोघींचंही सीझर झालं होतं. का, ते दोघींनाही नीट सांगता येत नव्हतं. मला सुरीची भयंकर भीती वाटायची. शाळेत पेन्सिलीला टोकसुद्धा मी मुलांकडून करून घेत असे. अण्णांना हे सांगायची लाज वाटत होती, आईला सांगितलं असतं. एका दुपारी आत्या माझ्या केसांना तेल लावत होती, तेव्हा तिला सांगून टाकलं.  तिने वेणी घातली, गाठ मारली आणि म्हणाली, "उद्या दवाखान्याचं घराणं बघू."

मला वाटलं, ती डॉक्टरांना भेटेल, चार प्रश्न विचारेल. आत्याने डॉक्टरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काचेच्या दाराकडे पाठ करून ती दवाखान्याच्या मागे गेली. तिथे बाळंतिणींच्या घरचे लोक स्टोव्हवर पाणी तापवत, दुपटी वाळत घालत बसलेले होते. आत्या त्यांच्यात जाऊन मांडी घालून बसली आणि एकेकीला विचारू लागली, "पोराची येळ काय धरली, बाई?"

वेळ सगळ्यांकडे लिहून घेतलेली होती. पत्रिका करायची असते ना! कुणी ब्लाउजमधून चिठ्ठी काढली, कुणी दुपट्याच्या गाठीतून. कुणाचं पोर साडेअकराला झालेलं, कुणाचं बाराला, कुणाचं संध्याकाळी सहाला. आत्या "बराबर, बराबर" करत मान हलवत होती. आता एवढ्या आपुलकीने वेळ विचारणारी बाई म्हणजे जोशीबुवांच्या घरातलीच असणार, असा त्या बायांनी समज करून घेतला. एकीने विचारलं, "मावशी, नावाला अक्षर कोणतं येतंय हो?" आणि आत्याने पापणी न हलवता सांगितलं, "म." मग काय, रांगच लागली. मी तिच्या शेजारी नऊ महिन्यांचं पोट घेऊन बसले होते आणि आत्या अक्षरं वाटून राहिली होती.

अण्णांनी हे ऐकून कपाळावर हात मारला. "आक्का, तुला पत्रिकेतलं काय कळतं?"

"त्याला काय कळायला लागतंय? मी आधी हळूच विचारते, तुझ्या मनात कोनतं नाव हाय? मंग तेच अक्षर सांगते. पोरगी बी खूश, सासू बी गप."

"अगं, पण दवाखान्याचं काय?"

"तो बिलकुल न्हाई जमायचा," आत्या म्हणाली. "तिथं सगळी पोरं डॉक्टरच्या जेवणाआधी न्हाई तर सिनेमाच्या येळेआधी जन्मून राह्यलेत. रविवारचं एक बी न्हाई. भास्करा, तू मला सांग, पोटातल्या पोराला वार कुठून कळतोय?"

पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण दवाखान्याची अशी परीक्षा घेणारं कुणी भेटलं नाही. अण्णा दोन दिवस धुसफुसत होते. ऑफिसात काय सांगू, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

दुसऱ्या दवाखान्यात आत्या समोरच्या दाराने गेली, कारण मागे नालीच होती. तिथले डॉक्टर फार गोड बोलणारे. आम्ही बसायच्या आतच म्हणाले, "आपल्याकडे सगळं नॉर्मलच करतो हं, आजी. शंभर टक्के. काही काळजीच करू नका." आत्याने त्यांना हात जोडले आणि मला उठवलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "जो विचारायच्या आधी शपथ घेतोय, त्याला आपल्या पोरीचं काय पडलंय? सगळं नॉर्मल म्हनं! सगळ्यांची पोटं काय याच्या खिशात हायेत?" मला जरा आश्चर्य वाटलं. कापत नाही असं म्हणणारा डॉक्टर तर हवा होता ना? पण तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

तिसरा दवाखाना म्हणजे जुनं दुमजली घर होतं. खाली चारच खाटा, मागे कडुलिंब, आणि वर डॉक्टरबाई स्वतः राहायच्या. मागच्या अंगणात आत्याला वेळा मिळाल्या त्या अशा: पहाटे पावणेपाच, दुपारी दोन, रविवारी सकाळी आठ, एक तर ऐन लक्ष्मीपूजनाला. आत्याचा चेहरा उजळला. पदर सारखा करून ती पुढे गेली.

डॉक्टरबाई साठीच्या आसपासच्या, जाड चष्मा, तोंडात साखर अजिबात नाही.

"तुम्ही कापता का?" आत्याने बसायच्या आधीच विचारलं.

"लागलं तर कापते."

"अन् लागलं, हे कोन ठरवतंय?"

"बाळ ठरवतं. मी फक्त ऐकते. तुम्ही कोण हिच्या?"

"आत्या. आईच्या जागी."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग माझं पोट तपासलं आणि त्यांच्या अटी सांगितल्या. कळा सुरू झाल्या की हिने चालायचं, बसायचं, हवं तर उकिडवं बसायचं, उगीच खाटेवर पडून राहायचं नाही. घरातली एक बाई शेवटपर्यंत हिच्याजवळ राहील. घाईचं इंजेक्शन मी देत नाही. "पण एक सांगून ठेवते," त्या म्हणाल्या, "मी आता म्हटलं की आता. तेव्हा कुणी फाटे फोडायचे नाहीत."

"शब्द दिला," आत्या म्हणाली. चहा आला, तो तिने बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत घेतला. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी सहाला. रिक्षाने दवाखान्यात गेलो. हेही वडीगोद्रीहून नऊ वाजेपर्यंत पोचले, हाताला वॉर्निशचा वास तसाच. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत मी चालत होते, आत्या माझ्या कोपराला धरून. कळ आली की थांबायचं, भिंतीला हात टेकायचे. "ओरड की! तोंड दाबून कोनाला दाखवायचंय?" ती म्हणायची. मधल्या वेळात तिने मला भावकीतल्या सगळ्या सासवांच्या नकला करून दाखवल्या. अर्ध्या कळा मी हसत काढल्या, हे खोटं वाटेल, पण खरं आहे. डॉक्टरबाई खुर्ची टाकून तिथेच गवार मोडत बसल्या होत्या. अधूनमधून उठायच्या, हात धुवायच्या, माझ्या पोटावर नरसाळ्यासारखी नळी ठेवून कान लावायच्या आणि पुन्हा गवारीकडे जायच्या.

बारा वाजले. एक वाजला. कळांचा जोर वाढला आणि माझं हसू कधीच संपलं. गंमत अशी, की अख्ख्या जालन्याला धीराचे धडे देणारी आत्याच आता उतावीळ झाली. "बाई, लई येळ झाला का हो?" "नाही झाला." दहा मिनिटांनी पुन्हा, "बाई, बराबर चाललंय ना?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा डॉक्टरबाईंनी गवारीची परडी तिच्यापुढे सरकवली. आत्या मुकाट्याने शेंगा मोडू लागली. शेंगा जमिनीवर आणि देठं परडीत पडत होती, ते मी पाहिलं.

तीनच्या सुमाराला डॉक्टरबाईंनी नळी लावली आणि या वेळी कान काढलाच नाही. मला कुशीवर वळवलं, पुन्हा ऐकलं. पुढची कळ येऊन गेली, तरी ऐकतच राहिल्या. मग सरळ उभ्या राहिल्या. "ठोके उतरताहेत. आता कापायचं. लगेच."

मी आत्याकडे पाहिलं. मला ज्याची भीती होती तेच समोर आलं होतं. दारात उभे असलेले अण्णा आणि हे, दोघेही तिच्याकडेच बघत होते. गेले पंधरा दिवस ही बाई कापणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होती, तिच्या परवानगीशिवाय सही कोण करणार? अण्णा चाचरत म्हणाले, "आक्का, मोठ्या दवाखान्यात एकदा..."

"माझ्या तोंडाकडं काय बघून राह्यले?" आत्या एवढ्या जोरात ओरडली, की आत झोपलेलं कुणाचं तरी पोर रडायला लागलं. "बाई सकाळपासून बसल्या होत्या, त्या उठल्या ना? मंग तुम्ही बी उठा! जावईबापू, सही करा. भास्करा, भूल देणाऱ्या डॉक्टरला आण. जल्दी!"

भूल देणारे डॉक्टर पलीकडच्याच गल्लीत राहायचे. अण्णांनी त्यांना दुपारच्या झोपेतून उठवलं आणि लेंगा-बनियनवर स्कूटरच्या मागे बसवून आणलं. वीस मिनिटांत मुलीचा आवाज ऐकला. नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती पडले होते. डॉक्टरबाईंनी तिला मला दाखवलं आणि प्रथमच हसल्या.

बाराव्या दिवशी शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या. त्यांच्या सुनेचं सीझर अण्णांच्या त्या लिफ्टवाल्या दवाखान्यात झालं होतं आणि आम्ही तिथे गेलो नाही याचा राग त्यांच्या मनात होताच. डिंकाचा लाडू फोडत म्हणाल्या, "काय हो द्वारकाबाई, सगळे दवाखाने पालथे घातलेत, आणि शेवटी कापलंच की!"

आत्या मेथ्या चाळत होती. चाळणी न थांबवता म्हणाली, "कापलं, खरं हाय. पण कंटाळून न्हाई कापलं."

काकूंनी उरलेला लाडू घरी नेला.

सव्वा महिना झाल्यावर आत्या हसनाबादला परत निघाली. सकाळची गाडी होती. अण्णा तिचं गाठोडं घेऊन रिक्षा बघायला गेले आणि ती माझ्या लेकीला मांडीवर घेऊन बसली. कितीतरी दिवस मनात घोळत असलेलं मी विचारलं, "आत्या, तू कापायच्या एवढी विरुद्ध होतीस. त्या वेळी क्षणभरही विचार नाही केलास?"

"विरुद्ध कोन होतं?" ती म्हणाली. "मी बाई शोधून राह्यले होते. जिला बसता बी येतंय अन् उठता बी येतंय."

मग थोडा वेळ ती बाळाच्या टाळूवरून बोट फिरवत राहिली. "तुझ्या आत्येभावाच्या आधी मला एक झालं होतं. तुझ्या बापाला बी आठवत न्हाई, बारका होता. दोन दिवस कळा देऊन राह्यले मी. सासू बसल्ती, सुईण बसल्ती, गल्लीतल्या बाया बसल्या होत्या. होईल, होईल म्हनत होत्या समद्या. बसणारे लई होते गं माझ्याजवळ. उठणारं कोनी नव्हतं."

मला रडू आवरेना. बाहेरून अण्णांची हाक आली, रिक्षा मिळाली होती.

"पोरगी होती," आत्या म्हणाली, आणि माझी लेक तिने माझ्या हातात दिली.