गोमादादांचा चालू डबा

गोमादादांच्या घरातला टेबलफॅन कधी माणसांकडे तोंड करून नसायचा. अंजूरला त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या बघायला मी गेले तो मे महिना होता. लाइट गेली होती, आणि भिवंडीकडची लाइट एकदा गेली की लवकर येण्याचं नाव घेत नसे. खालच्या खोलीत इन्व्हर्टरवर एक पंखा फिरताना दिसला, म्हणून मी आशेनं त्याच्यासमोर जाऊन बसले. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "मास्तरीनबाय, तिथं नका बसू. डब्याचा वारा अडतो."

मी शाळेत शिकवते हे एव्हाना त्यांना कळलं होतं. मला मात्र डबा म्हणजे काय ते कळायचं होतं. टीव्हीखालच्या फळीवर एक काळा डबा पुढ्यात बारीक दिवा लावून बसला होता आणि पंखा त्याच्या सेवेला होता. आम्ही दोघं वर्तमानपत्रांनी वारा घेत घाम पुसत बसलो. टीव्हीतून एक बाई गात होती. पडद्यावर बाई नव्हती, नुसत्या रंगीत रेषा नाचत होत्या.

दादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला आधी तो पंखा आठवतो.

डबा म्हणजे मुलांचा व्हिडिओ गेम. दादांच्या सचिननं कॉलेजात असताना तो जुना विकत घेतला होता. पुढे एका दुकानदाराकडून त्यात कसलासा प्रोग्रॅम भरून घेतला, तेव्हापासून त्यावर गाणी आणि सिनेमे लागायचे. मी राहायला गेले तोवर गेम संपले होते, सिनेमे संपले होते आणि एकच गोष्ट उरली होती. ती म्हणजे पारूवहिनींचा धवला.

पारूवहिनी ही दादांची बायको. मी त्यांना पाहिलं नाही, माझ्या आधीच त्या वारल्या. त्या धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असला तरी धवलारणीवाचून पान हलत नाही. नवरानवरीची, त्यांच्या आईबापांची नावं गुंफत ती एकेक विधी गाऊन पुढे नेते. त्या गाण्याला धवला म्हणतात. थोरल्या मंदाच्या लग्नात आईनंच धवला गायला आणि सचिननं तो रेकॉर्ड करून आधी कॉम्प्युटरवर आणि मग या डब्यात ठेवला. कॉम्प्युटर पुढे फॉर्मॅट झाला, वहिनी गेल्या. त्यांचा आवाज म्हणून जगात उरला तो एवढाच.

धवला सुरू झाला की अर्ध्यावर तोडायचा नाही, हा वहिनींचा नियम होता. दादांनी तो डब्याला लावला. आता गंमत अशी, की गाणं संपलं की डबा आपलं आपण ते पहिल्यापासून सुरू करायचा. त्यामुळे बंद करायची वेळच यायची नाही. रात्री आवाज हळू व्हायचा, इतकंच. मी एकदा शहाणपणा केला, "दादा, संपतं आणि पुन्हा सुरू होतं, त्याच्यामध्ये क्षणभर जागा असते की."

"असते ना," दादा म्हणाले. "पन बंद कराची घाई कोनाला हाय?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. स्कूटर चालू ठेवून ते नाक्यावर तासभर गप्पा मारत, आणि कुणी पेट्रोलचं बोललं की हेच ऐकवत. एकदाच ते या विषयावर निराळं बोलले. खाडीकडच्या त्यांच्या भातशेतीवर गोडाऊन उभं राहिलं होतं, ते दाखवत म्हणाले, "चालू ठेवाला बाप, आजा, पंजा लागले. बंद कराला माजी एक सही लागली."

माणूस हट्टी होता. मी मासे खात नाही, हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केलं नाही. "खात न्हाय म्हंजे अजून खाल्ला न्हाय," म्हणून दर आठवड्याला निवट्यांची वाटी माडीवर यायचीच. ती मी मुकाट्यानं शेजारी द्यायचे. हे त्यांना माहीत होतं आणि पुढच्या आठवड्याला ते वाटी थोडी मोठी पाठवायचे. त्या धवल्यानं मात्र मला सुरुवातीला जीव नकोसा केला. पेपर तपासताना तोच, स्वयंपाक करताना तोच. पुढे पुढे लाइट जाऊन इन्व्हर्टरचं खाट्‌ झालं की माझेही कान खालच्या खोलीकडे लागायला लागले. आवाज आला की मी भाकरी उलटायचे.

मग डबा तापायला लागला. आतून गुरगुर यायची. सचिननं कामतघरचा एक कारागीर घरी आणला. त्यानं डब्याला कान लावला, हात लावला आणि मान हलवली. "चाचा, इसकी डिस्क घिस गयी है. चालू है तब तक चालू है. एक बार बंद किया तो फिर उठेगा, इसकी गॅरंटी नहीं." आतलं गाणं काढायचं तर डबा उघडायला हवा, आणि उघडायचा तर आधी बंद करायला हवा.

"बाबा, असा पन मरनारच हाय तो," सचिन म्हणाला. "एकदा उघडून बघू. गाना निघला त निघला."

"मरनार त मी पन हाय. मना बी उघडून बघशील?"

कारागिरानं आपली पिशवी उचलली. मी माझ्या फोनवर गाणं उतरवून पाहिलं. त्या फोनात मिनिटभरच आवाज मावायचा आणि त्यातही पंख्याची घरघर जास्त होती. दादांनी फोन कानाशी धरून लक्ष देऊन ऐकलं. "ही कोन?" म्हणाले. "ही न्हाय ती. पुसून टाका." त्यांच्यादेखत मी ते पुसलं.

त्यानंतर धाकट्या कविताचं लग्न ठरलं. आपल्या लग्नाला आईचाच धवला लावायचा, असं तिनं बापाला सांगितलं. दादा हरखले. चार दिवस भेटेल त्याला सांगत होते, की पारू येनार हाय कवीच्या लग्नाला. पाचव्या दिवशी जिन्यात मला गाठलं तेव्हा चेहरा उतरला होता.

"मास्तरीनबाय, त्यान नाव मंदाचा हाय. मंदाचा नि थोरल्या जावयाचा. त्यान कवीचा लगीन कसा लागंल?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः स्कूटरवरून काल्हेरला गेले आणि तिथल्या म्हाताऱ्या धवलारणीला सुपारी देऊन आले.

लग्नाच्या सकाळी दारात मांडव होता. कविता हळदीच्या अंगानं पाटावर बसली होती. धवलारीण येऊन टेकली, पान तोंडात टाकलं आणि एकदम थांबली. आतून वहिनींचा आवाज येत होता.

"पारू गाते," ती म्हणाली. "एका दारान दोन धवले व्हत न्हाय. ती थांबल्याबिगर मी तोंड उघडनार न्हाय."

सचिन आत धावला. "डबा चालूच ठेवतो, बाबा. टीव्हीचा आवाज तेवढा बंद करतो."

"ती गाते," दादा म्हणाले, "नि तू तिचा तोंड दाबतोस?"

कारागिराचं बोलणं घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पाटावरून कविता रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, राहू द्या. धवल्याबिगर लागंल माजा लगीन." दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग धवलारणीकडे. आणि मला खूण करून ते आत गेले.

"बंद कराचा बटन कंचा?"

इतकी वर्षं तो डबा पोटच्या पोरासारखा सांभाळणाऱ्या माणसाला त्याचं बटण माहीत नव्हतं. मी दाखवलं. दादा नवं धोतर सावरत त्याच्यासमोर जमिनीवर बसले. गाणं निम्म्यावर होतं. बाहेर भटजी मुहूर्तासाठी घाई करत होते, सचिन त्यांना थोपवत होता. दादा हलले नाहीत. मंदाचं नाव आलं, जावयाचं आलं, मांडवाचं झालं, पाठवणीचं झालं. गाणं संपलं.

त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी वहिनींचं एक साधं बोलणं होतं. गाणं झाल्यावर त्या सचिनला म्हणाल्या होत्या. आम्ही सगळे ते रोज ऐकत होतो आणि रोज त्यावरून पुढे जात होतो.

"झाला रं. बंद कर आता."

दादांनी बटण दाबलं.

दिवा गेला. त्यांचा हात थोडा वेळ डब्यावरच राहिला. मग उठून ते बाहेर आले आणि धवलारणीला म्हणाले, "गा आता, बाय. नाव नीट घे, कविता." लग्न थाटात लागलं. त्यांनी अक्षता टाकल्या, पाहुण्यांना आग्रह केला, व्याह्याची गळाभेट घेतली. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पोरगी सासरी गेल्यावर आम्ही तिघं आत गेलो. दादांनी बटण दाबलं. दिवा लागला, आत दोनदा टक टक झालं आणि दिवा लाल झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. सचिन तिथंच खाली बसून रडायला लागला. दादा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. एवढंच म्हणाले, "कवीला सांगू नको." दुकानातून डबा दोनदा जाऊन आला. कुणाला काही जमलं नाही.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. सामानाचा टेम्पो दारात लागला होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दादा ओटीवर बसले होते. मी पाया पडले तर त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"तुमच्या कानान हाय ना तिचा आवाज? माज्या कानातना जाया लागला. शब्द हायेत, आवाज जातो."

"आहे की, दादा."

"मंग एक ओल म्हना."

मला गाता येत नाही. प्रार्थनेलासुद्धा मी मागच्या रांगेत उभी राहते. तरी त्या ओटीवर, ड्रायव्हरच्या देखत, मी पारूवहिनींच्या धवल्याची पहिली ओळ म्हटली. दादा डोळे मिटून ऐकत होते.

"तसा न्हाय," ते हळूच म्हणाले.

मी आवाज चढवून पुन्हा म्हटली.

"तसा न्हाय, बाय. ती खालतून घेते."

मी खालून घेतली. निम्म्यावर सूर सुटला, तरी तोडायची नाही म्हणून तशीच रेटली. ओळ संपली. दादांनी डोळे उघडले आणि माझा हात सोडला.

"राहू द्या," म्हणाले. "जा तुमी. टेम्पोवाला खोलंबलाय."