दर्भाचा कावळा

समुपदेशक बाईंच्या बाहेरच्या खोलीत पंखा कुरकुरतो आहे. दुपारचे तीन. फॉर्ममधल्या 'घरी कोण कोण?' या रकान्यापाशी यामिनीचं पेन थांबतं आणि डोळे जड होतात. मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणारा तिचा हात आईच्या दहाव्यापासून चालेनासा झालाय, म्हणून ती इथे आली आहे. याच बाईंकडे आई दोन वर्षं यायची, तेव्हा यामिनी 'कलावंतांचे चोचले' म्हणून हसली होती.

शेजारच्या खुर्चीत कुणीतरी बसतं. टर्पेंटाइनचा वास.

"कोराच फॉर्म? शाळेपासून तुझं हे असंच," आई म्हणते. नाटकाचे पडदे रंगवताना नेसायची तीच साडी, कोपरापर्यंत निळा रंग.

"तू इथे कशी?"

"माझी तीनचीच वेळ असायची. बाई तिसरी खुर्ची मांडून ठेवायच्या, तुझ्यासाठी. अनसूया तिच्यावर पर्स ठेवायची."

यामिनी मान खाली घालते. फरशीवर पाणी आहे. पाय नदीत आहेत, खुर्च्या घाटाच्या पायऱ्यांवर. समोर पानावर पिंड, वर काळे तीळ. मागे काका, आत्या. लांब, चपला काढल्यात तिथे, एकटी अनसूया. अठ्ठावन्नाव्या वर्षी आईने संसार सोडून हिच्याबरोबर घर केलं. यामिनी चारचौघांत सांगायची, आईकडे भाडेकरू आहेत.

"कावळा आला होता की," आई म्हणते. "शिवत नव्हता. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. तू काय बोललीस?"

"नातवाची मुंज थाटात करू."

"मुंज! अगं, दात तरी येऊ देत त्याला." आई पोट धरून हसते. मग हसू ओसरतं. "मी कशाला अडले होते, ठाऊक होतं ना तुला?"

"हो."

"मग?"

"सगळे ऐकत होते, आई."

तासाभराने गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला होता. तेव्हा यामिनीला सुटल्यासारखं वाटलं होतं. आजही ते आठवलं की तिला तोंड लपवावंसं वाटतं.

आई तो गवताचा कावळा उचलून न्याहाळते. "चोच आखूड झालीय." तो पाण्यात सोडते. "भात गार झाला. तूच शीव आता."

यामिनी पिंडावर बोटं टेकवते. "अनसूयामावशी त्याच घरात राहतील. त्यांना कुणी काढणार नाही."

"मावशी? माझी बहीण होती का ती?"

यामिनी तोंड उघडते. मागे आत्या खाकरतात. आई वाट बघते, कावळा बघत होता तशी, मान कलती करून.

"मॅडम, झाला का फॉर्म?"

टेबलामागची मुलगी विचारते आहे. पंखा कुरकुरतो. शेजारची खुर्ची रिकामी.

"घरी कोण कोण, तेवढं राहिलंय बघा."

"लिहून घ्या," यामिनी म्हणते. "अनसूया पटवर्धन. माझ्या आईची जोडीदार. आईच्या घरात असतात आणि तिथेच राहतील."

आवाज गरजेपेक्षा मोठा निघतो. समोरचे दोघं वर बघतात. तिच्या कानांच्या पाळ्या तापतात, पण ती मान खाली घालत नाही.

"सही करा इथे."

ती पेन उचलते. अंगठ्याच्या नखात एक काळा तीळ अडकला आहे, अजून ओला.