सालमचा कंदवाला

डोंगरउतारावर सालम खणणारा म्हणून सगळे त्याला कंदवाला म्हणत. सालम हे जमिनीत उगवणारं ऑर्किड. बुडाशी दोन कंद, एक टपोरा, एक सुरकुतलेला. टपोरा उकळत्या पाण्यातून काढून वाळवायचा नि कुटायचा. चिमूटभर पूड पाण्यात शिजवली की खळीसारखी दाट होते, बिघडलं पोट सांभाळते, असं जुनी माणसं सांगत.

सुरकुतलेला कंद मात्र त्याने कधी घरी आणला नाही. बापाची शिकवण होती, एक घ्यावा, एक मातीला परत द्यावा. म्हणून तो सुरकुतलेला पुन्हा पुरून वर माती दाबायचा. दुसरे खणणारे दोन्ही कंद ओरबाडून नेत. "गिधाडं लेकाची," हा म्हणे, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी!"

यंदा बायकोचं पोट बिघडलं ते थांबेना. दवाखान्याच्या गोळ्या झाल्या, अंगात त्राण उरलं नाही. "तुमचा सालम तरी द्या," ती म्हणाली. घरात चिमूटभर नव्हता. दुकानदाराची बरणीही रिकामी. हा उतारावर गेला, दिवसभर गुडघ्यांवर रांगला. सालमचं एक पान दिसलं नाही.

घरी येऊन गिधाडांच्या नावाने खडे फोडू लागला. बायको अंथरुणातूनच म्हणाली, "त्यांना कशाला? तुम्हीही त्यातलेच."

"मी? मी परत पुरतो!"

"मेलेला पुरता. सुरकुतलेला म्हणजे सरलेला. पुढल्या साली उगवतो तो टपोरा. मी डब्यात दोन्ही लावून बघितले. म्हातारा कुजला, टपोरा फुटला. तेव्हा सांगितलं तर म्हणालात, तू आपली चूल बघ."

खिडकीतल्या गंजक्या डब्यात दोन हिरवी पानं उभी होती. आजवर तो ती हसण्यावारी नेत आला होता. आता त्याने डबा जवळ ओढला. मग म्हणाला, "हाच काढतो."

"हात लावाल तर याद राखा! एवढाच उरलाय. बी धरू दे त्याला."

"आणि तूच गेलीस म्हणजे?"

"मग लावा तिकडे डोंगरावर."

तिला ग्लानी आली तसा त्याने कंद उपटला. शिजवला, ठेचला, चमच्याने तिच्या तोंडात घातला. डोळे मिटूनच तिने गिळला. संध्याकाळपर्यंत पोट शांत झालं. तिने डोळे उघडले, खिडकीकडे पाहिलं.

"बरं वाटतंय का गं?"

"पोटाला वाटतंय," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.