मिशीवरची रुई

नात मोबाईलवर शेअरचा चार्ट दाखवत म्हणाली, "आबा, भाव चढायलाय, पण खालच्या दांड्या बघा किती बुटक्या. व्हॉल्यूमच न्हाई, म्हंजे शेअरची खरेदी-विक्रीच कमी. ही तेजी टिकत नसती."

माझ्या नाकात एकदम मानवतच्या बाजारातला उन्हानं तापलेल्या कापसाचा वास आला. माझ्या तरुणपणी एका सकाळी तिथं लिलावात भाव चढायला लागला, तसे सगळे गाडीवाले थांबले. आमचा सालभराचा कापूस गाडीत होता. थोरला दादा म्हणाला, "आज विकू नको, उद्या अजून चढंल."

मी मिशीवरून हात फिरवला. खरी खरेदी जोरात असली की गाड्या भराभर रिकाम्या होतात, कापसाची रुई उडते आणि मिशी पांढरी होते. त्या दिवशी मिशी काळीभोर. म्हंजे बोलीच मोठी, माल मात्र दोन-चार गाड्याच उचलायलेत.

"आत्ताच विकायचा," मी अडून बसलो.

"मिशीला इचारून कापूस विकतो का येड्या?"

मी विकलाच. दुपारी भाव पडला.

शाळा मी दुसरीतच सोडली. व्हॉल्यूम हा शब्द आज कळला. पण दादा होता तोवर दरसाली कापूस विकायच्या आधी गुपचूप माझ्या मिशीकडं बघायचा.