पुस्तकात आठ, लोखंडावर तीन

‘ती घटना आजही आठवते’ असे आम्ही निवृत्त पोलीस ऊठसूट म्हणतो. या प्रकरणात मला घटनेपेक्षा गाडीच जास्त आठवते. गोल दिव्यांची, फिक्या निळ्या रंगाची, आणि पुढची डावी सीट खाटेसारखी आडवी होणारी.

नव्वदच्या दशकात मी मेढ्याला फौजदार होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना साताऱ्याच्या वाहन निरीक्षकांचे पत्र आले. डोंगरातल्या एका गावचा माणूस, सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हवालदार, जुनी गाडी नावावर करून घ्यायला आला होता. गाडीच्या चेसिसवरचा, म्हणजे सांगाड्यावरचा नंबर नव्याने ठोकलेला दिसत होता. शेवटचा आकडा नोंदणी पुस्तकात आठ आणि लोखंडावर तीन. गाडी चोरीची असावी, चौकशी व्हावी.

त्या काळी शहरातल्या चोरीच्या गाड्या नंबर बदलून खेड्यात खपवल्या जात. मोठी टोळी हाती लागली असे मी मनातल्या मनात ठरवूनही टाकले. स्टेशन डायरीला नोंद केली, दोन जमादार घेतले आणि गाव गाठले.

हवालदार गोठ्यातच होता. गोठ्याचा अर्धा भाग म्हशीचा आणि अर्धा गाडीचा. मी दरडावून विचारले, "नंबर कुणी ठोकला?"

"म्याच ठोकला की साहेब," तो म्हणाला आणि आत जाऊन लोखंडावर आकडे ठोकायच्या पंचांचा संच घेऊन आला. प्रत्येक पंच तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. आरोपीने हत्यार न मागता आणून दिल्याचा तो माझ्या नोकरीतला पहिलाच प्रसंग.

दारात त्याची बायको काठीला टेकून उभी होती. कंबरेचे हाड मोडल्यापासून तिला ताठ बसवत नव्हते. एसटीचा प्रवास बंद. माहेर विट्याकडे, तिथे म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, आणि तीन वर्षांत मायलेकींची भेट नाही. त्यासाठीच हवालदाराने विट्याच्या एका सोने गाळणाऱ्याकडून त्याच्या शेडमध्ये गंजत पडलेली ही गाडी घेतली होती आणि दोन वर्षे खपून ती उभी केली होती. आडव्या होणाऱ्या सीटचा उलगडा मला तेव्हा झाला.

"मग गाडी चालते, तर नेले का नाही?" मी विचारले.

"कागूद पुरं न्हाईत. बिनकागदाच्या गाडीत कसं बसवू तिला?"

मी गाडी जप्त केली. जप्तीचा पंचनामा चालू असताना बाईंनी सीटवर पसरलेली गोधडी काढून घेतली. ठाण्याच्या आवारात मुद्देमालाच्या गाड्यांचे काय होते हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होते. टायर बसतात, आत कुत्री वितात, निकाल लागेपर्यंत दारे गळून पडतात.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जबाब घेतला. गाडी पूर्वी सांगलीकडे नोंदलेली, म्हणून त्याने पहिली तपासणी तिकडे करून घेतली होती. तिथल्या साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, इंजिनचा नंबर जुळवला. चेसिसचा नंबर गंजाने पुसट होता, तो त्यांनी पुस्तकावरून लिहून घेतला. साताऱ्यात तीच गाडी, पण तऱ्हा वेगळी. इथल्या साहेबांनी आधी गाडी चढावर हँडब्रेकवर उभी करून दाखवायला लावली. मग चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासली. छाप पुसट आली. ‘स्पष्ट छाप आणा’ म्हणून त्यांनी परत पाठवले.

"आमच्या वर्कशॉपात पुसट नंबर दिसला की सुभेदार फाडून खायचा," हवालदार म्हणाला. "गंज कानशीनं घासला, आन् खालच्या बाजूला नवा नंबर ठोकला. त्यात गुन्हा काय झाला?"

परवानगीशिवाय असा नंबर ठोकणे हाच गुन्हा, हे त्या भल्या माणसाच्या गावीही नव्हते. मी ते सांगितले तसा त्याचा चेहरा उतरला. पण माझा काही विश्वास बसला नव्हता.

दुपारी वरिष्ठांसाठी अहवाल लिहायला बसलो. आमची वाक्ये ठरलेली असतात. सवयीने लिहून गेलो, ‘सदर इसमाने कागदपत्रांशी जुळवण्याच्या हेतूने नंबर ठोकला,’ आणि पेन थांबले. नंबर कागदपत्रांशी जुळतच नव्हता! खोटा नंबर ठोकणारा चोर पुस्तक समोर ठेवून ठोकेल. ज्याने आठ दिसत असताना तीन ठोकला, त्याने ठोकला तरी कशासाठी?

त्याला पुन्हा बोलावले. "पुस्तकात आठ आहे, हे पाहिले नव्हते?"

"पाह्यलं की. पर घासायच्या आदी भिंग लावून बघितलं, लोखंडावर तीन हुतं. पुस्तक हातानं लिवलेली दुसरी प्रत हाय, कारकुनानं चुकवलं आसंल. लोखंड कशाला चुकंल?"

म्हणणे पटण्याजोगे होते, पण पुरावा हवा. मी प्रयोगशाळेला पत्र टाकले. तज्ज्ञ येईपर्यंत महिना गेला. तेवढ्या काळात हवालदार दर बाजारच्या दिवशी ठाण्यात यायचा, परवानगी मागून इंजिन चालू करायचा, गाडी पुसायचा. आमची जीप ढकलल्याशिवाय सुरू होत नसे, तीही त्याने न सांगता दुरुस्त केली.

शेवटी तज्ज्ञ आले. कानशीने घासलेली मोकळी जागा त्यांनी गुळगुळीत केली आणि कापसाच्या बोळ्याने रसायन फिरवू लागले. ठोशाचा दाब लोखंडात खोलवर जातो, वरचा थर गेला तरी खाली राहतो, असे त्यांनी सांगितले. सगळे ठाणे कामधाम सोडून वाकून बघत होते. एकेक इंग्रजी आकडा राखाडी सावलीसारखा वर येऊ लागला. शेवटचा आला. तीन होता.

समज देऊन प्रकरण मिटले, पुस्तकातली चूक दुरुस्त झाली, गाडी सुटली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा ठाण्यासमोर थांबली. माहेराहून परतताना बाईंनीच थांबवायला लावली होती. आईची भेट झाली होती. डावी सीट आडवी, खाली तीच गोधडी, आणि बाई पडल्या पडल्या बोलत होत्या.

"साहेब, मीच ह्यास्नी म्हनलं हुतं, तीनावर एक ठोका मारा, आठ करा, कोन बघतंय? मला आयला बघायचं हाय. ह्यांनी ऐकलं न्हाई. दोन दिस बोलले न्हाई मी."

हवालदार स्टिअरिंगवर बोटे वाजवत समोर बघत राहिला.

बाईंचे म्हणणे खरे होते. त्याने आठ ठोकला असता तर छाप पुस्तकाशी जुळली असती, ठोके नवे आहेत हे कुणी बघितलेही नसते आणि बाई महिनाभर आधीच आईजवळ पोहोचल्या असत्या. खरे ठोकले म्हणून तो माझ्या आवारात अडकला. याची मला आजही लाज वाटते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अहवालात ‘जुळवण्याच्या हेतूने’ हे शब्द मी लिहिले नाहीत, कारण इतकी वर्षे घडलेले कागदाशी जुळवत होतो तो मीच.