हात लावायचा न्हाय

बिजागरीबाईंनी माझं तोंड पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा आमची ओळख होऊन वर्ष उलटलं होतं. तोवर त्या मला चालीवरून ओळखत. माणूस समोर आला की त्यांची नजर थेट घोट्यावर जायची, तिथून गुडघ्यावर, मग खुब्यावर, आणि तिथंच मुक्काम करायची. वर मुंडकं कुणाचं बसवलंय याची त्यांना फारशी फिकीर नसे. आमच्या शेजारच्या लग्नात सगळ्या बायका नवऱ्या मुलाचं नाक आणि नोकरी पाहत होत्या. बाई म्हणाल्या, "पोरगा ब्येस हाय, पण उजव्या घोट्यात आखडलाय." नवरीच्या मावशीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बाई धाराशिवच्या एका जिममध्ये ट्रेनर होत्या. पस्तिशीच्या, कबड्डी खेळलेल्या, केस घट्ट बांधलेले आणि गळ्यात शिट्टी. सांध्याला त्या सांधा म्हणत नसत, बिजागरी म्हणत, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागं बिजागरीबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं. मी तिथं गेलो होतो पोट उतरवायला. पहिल्याच दिवशी मोठ्या ऐटीत वजनांकडं निघालो, तर मागून आवाज आला, "दादा, आधी एका पायावर उभं ऱ्हावा." मी उभा राहिलो आणि लगेच भिंत धरली. "दार चौकटीत बसंना, अन् तुम्ही तोरण बांधायलात व्हय?" त्या म्हणाल्या. मग कित्येक आठवडे मला वजनाला हात लावू दिला नाही. घरी एका पायावर उभं राहून दात घासायचे, एवढाच व्यायाम. त्या काळात दातांपेक्षा आमच्या आरशालाच टूथपेस्ट जास्त लागली.

पण बाई खऱ्या अर्थानं आमच्या घरात शिरल्या त्या आईमुळं. आईचं माहेर येरमाळा. चैत्री पौर्णिमेनंतर येडेश्वरीची पालखी निघते, तेव्हा माणसं चुन्याच्या रानात खाली बसून चुनखडीचे खडे वेचतात आणि देवीला वाहतात. आई लहानपणापासून वेचत आलेली. गुडघे दुखायला लागल्यापासून मात्र ती रानात नुसती पदर पसरून उभी राहायची आणि दुसऱ्यांच्या सुना त्यात खडे टाकायच्या. घरी आल्यावर आई दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही. "देवीपुढं उसन्या खड्यांनी जायचं व्हय म्या?" एवढंच म्हणायची. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं होतं, ऑपरेशनची घाई नाही, पण व्यायाम करून पायात ताकद आणा. आईनं त्यातलं 'घाई नाही' एवढंच ऐकलं, आणि एक प्लास्टिकची खुर्ची घेतली. आई जाईल तिथं ती खुर्ची जायची, देवघरात, ओट्यापाशी, अंगणात.

मी बाईंना घरी बोलावलं. आईनं दारातच बजावलं, "पोरी, माझ्या गुडघ्याला हात लावू नको." बाई म्हणाल्या, "कशाला लावू? गुडघ्याचा काय गुन्हा न्हाय." मग त्यांनी आईला घोटा वाकवायला लावला, तो वाकेना. खुबा फिरवायला लावला, तो फिरेना. "आई, घोट्यानं अन् खुब्यानं फिरायचं असतंय, गुडघ्यानं मधी गप जागंवर थांबायचं असतंय. तुमचे वरचे-खालचे दोघंबी आळशी. गुडघा म्हंजी मधली सून. थोरली बसून, धाकटी बसून, समद्यांचं काम हिच्याच अंगावर. मग ती रडंल न्हाय तर काय करंल?"

आई स्वतः मधली सून होती. तिनं गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "खरं हाय बाई. लई सोसलं हिनं." त्या दिवसापासून आईच्या मनात गुडघ्याविषयी माया आणि खुब्याविषयी जाऊबाईंवरचा राग निर्माण झाला. खुबा फिरवताना ती दातओठ खाऊन फिरवायची. कुठल्या जाऊबाईंचं नाव घेऊन, ते मी इथं लिहीत नाही.

बाईंचं शिकवणं सरळ कधीच नसायचं. आधी खुर्चीवर हात न टेकता बस-ऊठ करून घेतली. ती जमल्यावर खुर्चीच गायब केली आणि दिवाण पुढं केला. मग स्टूल आलं, मग एकावर एक ठेवलेले पाट, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी त्यातला एक पाट कमी व्हायचा. कोण काढतं ते आईला कळायचं, पण मान्य करायची तिची तयारी नव्हती. "पाठीमागची माणसं झोपलीत, त्यांना उठवा," असं बाई म्हणायच्या. म्हणजे उठताना कुल्ले आवळायचे. आईला त्या शब्दाची लाज, म्हणून ती मला सांगायची, "आज मागचे लौकर उठले रे." एकदा हे तिनं पाहुण्यांसमोर सांगितलं, तेव्हा ते बिचारे मागच्या खोलीत कोण राहतं म्हणून डोकावून आले.

आईचा पानाचा डबाही बाईंनी जमिनीवर नेऊन ठेवला. पान हवं तर खाली बसा. आई काही कमी नव्हती. तिनं स्वयंपाकघरातून सांडशी आणली आणि उभ्याउभ्या डबा वर उचलला. दुसऱ्या दिवशी बाईंनी सांडशी जप्त केली. दोघी एकमेकींकडं बघून अशा काही हसल्या की मला आपल्याच घरात परक्यासारखं वाटलं.

पण पुढं एक घोटाळा झाला. आईला खाली बसणं जमायला लागलं आणि तिला राहवेना. हळदीकुंकवाला गेली, सगळ्या बायकांदेखत ऐटीत उकिडवी बसली आणि तिथंच अडकली. उठताच येईना. चौघी-पाचजणींनी बखोटीला धरून तिला उभं केलं. घरी आली ती डोळ्यांत पाणी घेऊन. "रानात असंच झालं तर? लोक मला पोत्यावानी उचलतील. त्यापरीस पदर पसरलेला काय वाईट?" खुर्ची परत आली. दोन दिवस आईनं बाईंना तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी बाई आल्या आणि त्याच खुर्चीवर ऐसपैस बसल्या, म्हणजे आईला उभं राहणं भाग पडलं. "आई, बसणं म्हंजी निम्मंच काम. उठायचं म्या शिकवलंय कुठं अजून? शाळा निम्मीच झाली अन् तुम्ही परीक्षेला बसलात."

मग उठण्याची शिकवणी सुरू झाली. टाच रुतवायची, गुडघे आत कोसळू द्यायचे नाहीत, श्वास सोडत वर यायचं, आणि कुणी कितीही मायेनं पुढं आलं तरी हात धरायचा नाही. आई मध्येच डगमगली की मी धावायचो. बाई शिट्टी मारायच्या. "हात लावायचा न्हाय! तुमच्या हातानं उठल्या, तर उद्या तुमच्याशिवाय उठणार न्हाईत." आपल्याच घरात मी एवढी शिट्टी खाल्ली की शेजाऱ्यांना वाटलं, मलाच खेळात घालायचं चाललंय.

चैत्र आला. आम्ही एसटीनं येडशीवरून येरमाळ्याला निघालो, बाईही सोबत होत्या. त्यांच्या घरी बाबासाहेबांची तसबीर होती, देव्हारा नव्हता. आई म्हणाली, "तू कशाला उन्हात येतीस? तू तर देवीचं काय करत न्हाईस." बाई म्हणाल्या, "माझा देवीशी काय व्यवहार न्हाय आई, तुमच्या खुब्याशी हाय."

चुन्याच्या रानात ही गर्दी. आईनं पदर खोचला, पाय फाकवले आणि खाली बसली. हाताला येईल तो खडा तिनं वेचला, उन्हात धरून पाहिला, ओटीत टाकला, आणखी वेचले. मग उठायची वेळ आली. आई अर्ध्यात आली आणि थरथरली. लगेच चहूकडून हात आले. म्हाताऱ्या बाईला उठवणं म्हणजे यात्रेत पुण्यच. कुणी दंड धरला, कुणी काखेत हात घातला. माझाही हात पुढं गेला.

"सोडा! हात लावायचा न्हाय!" आई अशी ओरडली की पलीकडचा हलगीवालासुद्धा थांबला. सगळे हात मागं झाले. आई परत खाली बसली, टाचा रुतवल्या, फू करून श्वास सोडला आणि उठली. सरळ, एकटी उभी राहिली. मी बाईंकडं पाहिलं. त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले होते. त्या दिवशी त्या पायांकडं बघत नव्हत्या, आईच्या तोंडाकडं बघत होत्या. आईनं सगळे खडे देवीला वाहिले आणि एक तेवढा मागं ठेवून बाईंच्या हातात दिला.

पावसाळ्याआधी बाईंना लांबच्या निवासी शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली. आम्ही स्टँडवर पोचवायला गेलो. मी डोळे पुसत होतो, तेवढ्यात त्यांनी मान वर केली. "अय्या दादा, तुम्हाला मिशी हाय व्हय?" असं म्हणत त्यांनी पिशवीतून रुमाल काढला आणि त्यातून काहीतरी खाली पडलं. तो चुनखडीचा खडा होता.

"अगं, देवीचा खडा!" म्हणत आई पटकन खाली बसली, खडा उचलला, फुंकून पदराला पुसला आणि उठून त्यांच्या तळहातावर ठेवला. "नीट धरता येईना व्हय तुला?"

"आई," बाई म्हणाल्या, "आत्ता खाली बसताना गुडघ्याची याद तरी आली का?"

आईनं आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं. मग तिनं बाईंच्या पाठीत एक जोरात धपाटा घातला.

गाडी लागली. बाईंनी बॅग आत टाकली, उजवा पाय पायरीवर ठेवला, दांडी घट्ट धरली आणि डावा पाय हळूच ओढून घेतला. आईनं ते पाहिलं. मीही पहिल्यांदाच पाहिलं. "डावा गुडघा दुखतोय तिचा," आई हळू आवाजात म्हणाली. "कबड्डीतलं जुनं असंल. एवढे दिवस समदे आपल्याच गुडघ्याचं सांगत बसलो बघ." दुसऱ्या पायरीवर बाई किंचित अडखळल्या. मी आधार द्यायला पुढं झालो, तर आईनं माझी बाही धरून मला मागं ओढलं.

"हात लावायचा न्हाय," ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपत राहिली.