मायनं सोडलेला शिंदीखाना

माझी माय शिंदी विकायची.

हे वाक्य टाइप केलं तेव्हा नातू खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "आजोबा, फेसबुक आहे हे. निदान 'हॉटेल होतं' असं लिहा."

हॉटेल नव्हतं. शिंदीखाना होता.
आज मायची पुण्यतिथी. आज तरी खोटं लिहिणार नाही.

हिंगोलीहून नरसीकडे जाताना कयाधूच्या काठाला शिंदीची झाडं होती. निजामाचं राज्य होतं.
दादा, म्हणजे माझे वडील, पहाटे झाडावर चढून रस उतरवायचे. सकाळी तो गोड असायचा. दुपारपर्यंत आंबायचा. ऊन कललं की आमच्या छपराखाली गाव जमायचं.

मला शाळेतल्या कवितांचं भारी वेड. त्यातल्या आया तुळशीला पाणी घालायच्या, पाळणा म्हणायच्या.
माझी माय मडकं तिरपं करून शिंदी ओतायची. तिच्या हाताची ती वळणदार धार मला अजून दिसते. तिच्यावर कविता करायला कोण बसलंय?

आमच्याकडे पेला नव्हता. पळसाच्या पानाचा द्रोण.
प्यायचं आणि द्रोण शेळीपुढं टाकायचा. उष्टं कुणाचं कुणाला लागायचंच नाही. म्हणून सगळे एकाच मातीवर बसायचे. पाटलाचा गडी, कापूस पिंजणारे करीमचाचा, गावकुसाबाहेरचा सटवाजी हलगीवाला.
घरी गेल्यावर ज्याची त्याची शिवाशिव होतीच. पण छपराखाली नव्हती.

करीमचाचा म्हणायचे, "भाभी, आज पानी जादा है क्या?"
माय म्हणायची, "पानी बराबर हाय चाचा. तुमची कालचीच उतरली न्हाई."

सटवाजी तक्रार करायचा, "वैनी, द्रोण गळून राहिला."
"द्रोण कायचा गळतो भाऊजी? तुमीच घटाघटा पिऊन राहिले, अन् नाव पळसाचं!"

मग सटवाजी हसत हलगी शेकायला घ्यायचा. ती वाजली की नदीपलीकडची कुत्री गप्प व्हायची. खरंच.

दरसाल दुकानाचा सरकारी लिलाव व्हायचा. हर्रास म्हणायचे त्याला. बोली दादांच्याच नावावर सुटायची.
एका साली शहरातला एक गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, आला आणि बोली चढवून गेला.
छप्पर आमचं, दुकान त्याचं. दादा झाडावर मजूर. माय मडक्यापाशी मजूर.

त्यानं पहिल्याच दिवशी काचेचे ग्लास आणले.
"बाई, द्रोणाला माप नसतं. तुझा हात फार सढळ आहे."

ग्लास शेळी खात नाही. धुऊन पुन्हा भरावा लागतो.
त्याच संध्याकाळी एकानं ग्लास तोंडाजवळ नेला आणि थांबवला.
"याच्यात आधी कोन पेलं?"

झालं. दुसऱ्या दिवशी आत बाकडं आलं, बाकड्यावर काचेचे ग्लास. बाहेर एक खुंटी ठोकली, तिला टिनाचे मग.
सटवाजी बाहेर बसू लागला. हलगीही बाहेर गेली. पुढं त्यानं हलगी आणायचंच सोडलं.

बाजाराचा दिवस होता. गर्दी फार. माय ओततेय, माणसं हात पुढं करतायत.
सटवाजी दारापाशी आला. मायनं सवयीनं भरलेला ग्लास त्याच्या हातात दिला. तोही दिवसभराचा थकलेला. सवयीनं प्यायला.

आतून कुणी तरी ओरडलं.

गुत्तेदाराची माणसं दोनच होती. बाकी मारणारे आमचेच.
सटवाजीच्या मांडीला मांडी लावून प्यालेले.

माय मध्ये पडली. "मला मारा! म्या देला ग्लास! त्यानं मांगितला न्हाई!"
करीमचाचा ओढून ओढून दमले. "छोडो, मर जायेगा!"

मायला कुणी बोटसुद्धा लावलं नाही.
हेच तिला जन्मभर लागून राहिलं.

सटवाजीचा उजवा हात मोडला. मग ताप भरला. कडुलिंबाला मोहर यायच्या आत तो गेला.
माय मात्र कामावर जात राहिली. चूल पेटायला पाहिजे होती.

पुढं चळवळीतल्या पोरांनी निजामाचं उत्पन्न बुडावं म्हणून शिंदीची झाडं तोडली. काठाची थोडी उरली. गुत्तेदार एक दिवस दिसेनासा झाला. मग अठ्ठेचाळीसची पोलीस अ‍ॅक्शन. राज्य गेलं. गावात साखर वाटली.

नंतरच्या हर्रासात बोली बोलायला कुणी फारसं नव्हतंच.
दादा पळतच घरी आले. "सुटली! दुकान आपलं झालं पुन्हा!"

माय भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "खुंटी काढताल ना?"

दादा चुलीतलं लाकूड आत सारू लागले.

"काहून बोलत न्हाई?"

"लोक येनार न्हाईत मंग. म्या इच्यारलं चार जनाला. सवय झाली त्यांना ग्लासाची."

"अन् सटवाजीच्या पोरानं यावं, तर त्यानं मगातच प्यावं?"

"मी एकटा काय करू? दुकान चालाया पाहिजे का न्हाई?"

मायनं भाकरी तव्यावर टाकली. हात धुतले.
"मंग दुकान अजून त्या गुत्तेदाराचंच हाय. तुमी नुसतं नाव लावलं. मी येत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती लोकांच्या शेतात निंदायला गेली. दादांनी दुकान एकट्यानं चालवलं. खुंटी राहिली.
एका घरात राहिले दोघं. भांडले, हसले, म्हातारे झाले.
पण त्या छपराकडे माय परत फिरकली नाही. नदीवर जायचं तरी लांबच्या पांदीनं जायची.
काहून म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, "तिकडून ऊन लागतं."

माय, तुला भावपूर्ण श्रद्धांजली.
आणि सटवाजीकाका, तुम्हालाही. तुम्हाला ती वाहायची आमच्या गावाकडून राहूनच गेली.